छापलेलं चुकत नाही

मिलान, संत मार्तिनचा दिवस, नोव्हेंबर १७११

फ्रा सिल्वेरिओ महाराज,

तुमच्या संघात पत्राच्या माथ्यावर ‘शांती आणि कल्याण’ लिहायची रीत आहे म्हणतात. कल्याण लिहिते. शांती सध्या माझ्यापाशी शिल्लक नाही. उरली कधी, तर पुढच्या पत्राबरोबर पाठवीन.

बाबांच्या दफनाच्या दिवशी आपण भांडलो, त्यानंतर मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि लिहिणारही नव्हते. पण तुमच्या प्रांताचा कारभार बघणाऱ्या पाद्रे फुल्जेन्झिओंनी संघाचा नवा नकाशा तांब्यावर कोरायचं काम मला दिलं. सगळा प्रांत, एकूण एक मठ, डोंगर-नद्यांसकट. काम मोठं म्हणून मी हरखले. डोंगराकडच्या खोऱ्यांची रेखाटनं करणारा संन्यासी कोण, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. पहिला कागद उलगडला आणि त्यावरची नदी बघितली. नदी काढताना हात थरथरवायची ही सवय बाबांनी कानाखाली वाजवूनही गेली नव्हती. म्हटलं, झालं! फ्रा सिल्वेरिओ कसला, हा तर आमचा गाउदेन्झिओ.

तर गाउदेन्झिओ (‘तुम्ही’ पुरे झालं, मला जमत नाही), आता नीट वाच. एकाच मठाची जागा तू चार वेळा बदललीस. आधी बोटभर पूर्वेला, मग अर्धं बोट मागे, मग ‘पहिलीच जागा बरी होती’. तांबं म्हणजे पोलेंताचं पीठ नव्हे, मोडलं आणि पुन्हा थापलं. तू कोरणी टाकून कमरेला दोरी बांधलीस त्याला बरीच वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते. एक खूण मिटवायची तर ती खरवडायची, घोटायची, मग पत्रा पालथा घालून बरोबर त्या जागेच्या पाठीवर हातोडी मारायची, तेव्हा कुठे खड्डा भरून वर येतो. तरी जुन्या खुणेचं भूत अंधूक राहतंच. चूक तू करायची आणि पाठीत घाव मी घालायचे, अशी वाटणी झाली आहे.

आपला बाल्दो अजून छापखान्याचं चाक फिरवतो. त्याने तुझे चार कागद एकाशेजारी एक मांडले आणि मला विचारलं, “बाईसाहेब, तुमचा भाऊ मठ काढतो की बकऱ्या? एका जागी उभ्याच राहत नाहीत!”

खुणांचा तक्ता पाद्र्यांकडून मिळाला. क्रूस असलेलं छोटं चर्च म्हणजे मठ. क्रूस नसलेलं कौलारू घर म्हणजे धर्मशाळा, तिथे कुठल्याही प्रांताचा संन्यासी वरिष्ठांच्या चिठ्ठीशिवाय उतरू शकतो. आणि ठिपक्यांची रेघ म्हणजे प्रांताची हद्द. तिच्यापलीकडे झोळी घेऊन जायचं नाही, धर्मशाळा सोडून दुसरीकडे नुसतं पाऊलही टाकायचं तर चिठ्ठी हवी. राजांना जमिनीसाठी हद्दी लागतात हे ऐकलं होतं. भिक्षेच्या झोळीलाही लागतात हे आता कळलं.

आई कशी आहे? मला ती काही कळवत नाही. खेचरवाला सांगतो की तू रोज मठातून उतरून तिच्याकडे जातोस, लाकडं फोडून देतोस. घर सोडून गेलास, बाबांचं अर्धवट काम माझ्या गळ्यात घालून गेलास, ते मी विसरलेले नाही. पण निदान तिच्याजवळ आहेस, एवढी एक गोष्ट बरी केलीस.

आपल्या गावाचा, तुझ्या रोवास्काच्या मठाचा तुकडा अजून आलेला नाही. लवकर पाठव.

दोमितिल्ला


मिलान, मेणबत्त्यांच्या सणाचा दुसरा दिवस, फेब्रुवारी १७१२

गाउदेन्झिओ,

रोवास्काचा तुकडा पोचला. तेलकागदावर सेर्वा नदी आणि एक मठ, नाव वेगळ्या चिठ्ठीवर. हे शाबास! हा एकच कागद तू एका खेपेत धाडलास. मी त्याच दिवशी तो तांब्यावर उतरवला आणि कोरून टाकला.

नकाशा छापून झाला. पाद्रे फुल्जेन्झिओ स्वतः आले, भिंग लावून नावांची अक्षरं तपासली, सही केली, संघाची मोहोर उठवली. प्रत्येक मठात एक प्रत जाणार. तुझी प्रत सोबत आहे. आईला दाखव. तिला वाचता येत नाही, पण रोवास्कावर बोट ठेवून सांग की हे तुझ्या मुलाने काढलं आणि मुलीने कोरलं. तिला बरं वाटेल.

मलाही बरं वाटतंय. लिहायला हरकत नाही.

दोमितिल्ला


मिलान, ईस्टरनंतरचा गुरुवार, १७१२

गाउदेन्झिओ,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मला वाटलं तू थट्टा करतोस. मग प्रत काढून बघितली. मग खुर्चीत बसले. मग उठून बाल्दोवर ओरडले, कारण तू समोर नव्हतास.

उलटं कोरलं की सुलटं छापतं. आपल्या घरात हे पोरं बोलायच्या आधी शिकतात. म्हणून तेलकागद आला की मी तो पालथा घालून उतरवते. बाबा तेच करायचे. तूही तेच करायचास. आणि या एकदाच काय केलंस? कागद तूच आधी पालथा घालून काढलास, ‘तुझा तेवढाच त्रास वाचावा म्हणून’! कुणी सांगितलं होतं वाचवायला? तू उलटवलेलं मी पुन्हा उलटवलं आणि अख्खा मठ सेर्वेच्या, म्हणजे हद्दीच्या, पलीकडच्या तीरावर, ओर्झा गावाशेजारी जाऊन बसला. नदी तिथे दोरीसारखी सरळ वाहते, त्यामुळे तिच्याकडे बघून काही कळायची सोय नव्हती. कागदावर एक अक्षर जरी लिहिलं असतंस, तरी उलटं दिसून मी सावध झाले असते.

तू म्हणतोस, कोपऱ्यात बाबांची खूण केली होतीस, अंगठ्याएवढा क्रूस, ‘आधीच उलटवलेलं आहे’ असं सांगणारा. खूण नव्हती. तेलाचा डाग होता. तेलकागदावर तेलाचा डाग असायचाच. माझ्या डोळ्यांबद्दल बाल्दोने तुला काय कळवलं असेल ते असो, चष्मा मी फक्त बारीक अक्षरांसाठी लावते.

बाल्दो म्हणतो, “दोघंही शहाणे, म्हणून ही गत. एक जण जरी मूर्ख असता तर मठ जागेवर राहिला असता.” त्याला मी दिवसभर शाई घोटायला बसवलं.

पलीकडच्या प्रांताने नकाशा बघून ‘हा मठ आमच्या हद्दीत आहे’ असं कळवलंय, ही बातमी खरी असेल तर हसण्यावारी नेऊ नकोस. मी उद्याच पाद्र्यांकडे जाते. दोन शब्दांचं काम आहे.

दोमितिल्ला


मिलान, संत योहानाच्या सणाची पूर्वसंध्या, जून १७१२

गाउदेन्झिओ,

दोन शब्दांचं काम होतं. तीन महिने होत आले. आज पाद्रे फुल्जेन्झिओ भेटले. जसं बोलणं झालं तसंच लिहिते, म्हणजे मी काय भोगलं ते तुला कळेल.

मी म्हणाले, “पाद्रे, रोवास्काचा मठ नदीच्या अलीकडे आहे. मी त्या गावची आहे. त्या मठाच्या दारात सूप पिऊन वाढले.”

“नकाशात पलीकडे आहे.”

“नकाशा चुकलाय. मीच कोरलाय, मी सांगते.”

“सिन्योरा,” ते म्हणाले, “या नकाशावर संघाची मोहोर आहे. माझी सही आहे. छापलेलं चुकत नाही. बोललेलं चुकतं, म्हणून तर छापतात.”

“मग मठ काय चालत गेला?”

“डोंगरातल्या नद्या पात्र बदलतात.”

“म्हणजे नदी चुकली?”

“शक्यता नाकारता येत नाही.”

माझ्यामागे बाल्दो नवीन पत्रे घेऊन उभा होता. तो म्हणाला, “मग नदीलाच बोलवा की पाद्रे, सही करून जाईल.” त्यानंतर आम्हाला दारापर्यंत पोचवण्यात आलं.

खाली उतरताना तिथल्या दारवानाने सांगितलं की कागद कधीच गेले आहेत. मठ पलीकडच्या प्रांताकडे, आतल्या माणसांसकट. तुला आधीच कळलं असेल. नवा वरिष्ठ नवी माणसं आणणार, आणि तुला पलीकडच्या डोंगरामागच्या मठात टाकणार. झोळी घेऊन ओर्झाच्या बाजूची गावं फिरायची. चूक एकाची, सही दुसऱ्याची, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी! तू ‘आज्ञापालनाचं व्रत आहे’ असं लिहून मोकळा होशील, हे मला माहीत आहे. पण आईने कुठलं व्रत घेतलंय? तिची लाकडं कोण फोडणार?

मी तिला आणायला जाते. तू बोलू नकोस यात.

दोमितिल्ला


मिलान, द्राक्षतोडणीनंतर, १७१२

गाउदेन्झिओ,

गेले होते. तू त्या दिवशी वरच्या गावांत भिक्षेला गेला होतास म्हणून गाठ पडली नाही. खरं सांगायचं तर तेच बरं झालं. रागाच्या भरात मी काहीतरी बोलले असते आणि तू दाढी कुरवाळत ऐकून घेतलं असतंस, त्याचा मला आणखी राग आला असता.

रोवास्काला पोचले तर घरात चुलतभावाच्या गायी! आई नाही. मला वाटलं, गेली. चुलतभाऊ शेणाच्या हातांनी पलीकडे बोट दाखवत म्हणाला, “म्हातारी पूल ओलांडून गेली. बकरी विकली, घर मला दिलं, खाट पाठीवर बांधली आणि गेली.”

ओर्झाला भटारखान्याच्या मागच्या खोलीत सापडली. भट्टीची ऊब भिंतीतून येते म्हणून खूश होती. चुलीवर कोबी-घेवड्याच्या सूपचं भलंमोठं भांडं, एका बाईला आठवडाभर पुरेल एवढं.

मी म्हटलं, “आई, हे काय केलंस?”

“त्याचं गाढव कुठे थांबतं ते बघितलं,” ती म्हणाली, “आणि तिथे खोली घेतली. रोज येतं. पाव टाकतात ना इथे झोळीत.”

“या वयात? गुडघे बघ तुझे.”

“गुडघे माझे आहेत ना? मग तू कशाला कण्हतेस?”

“माझ्याबरोबर मिलानला चल. खोली आहे, शेगडी आहे, बाल्दो आहे बडबडायला.”

“आणि तो?”

“आणि मी? मी नाही का कुणी?”

माझ्याकडे तिने बघितलं ना, गाउदेन्झिओ, लहानपणी ताप आला की बघायची तसं. म्हणाली, “तू आहेसच गं. तू कुठे जाणार आहेस? तो जातो. जाणाऱ्याच्या मागे जावं लागतं.”

मला फार वाईट वाटलं. सरळ लिहिते, कारण तुला दुसरं कोण सांगणार? बाबांचे पत्रे मी सांभाळले, बाबांचं नाव मी सांभाळलं, आणि मी ‘आहेच’.

मी बसले होते तेवढ्यात रस्त्याने दोन अनोळखी संन्यासी गेले, तुझ्याच तपकिरी झग्याचे. आई खिडकीतून ओरडली, “ए महाराज, कुठे निघालात उपाशी? या आत!” ते आले. तिने वाढलं. एकाच्या दाढीत घेवडा अडकला तो बोटाने काढला. ते गेल्यावर म्हणाली, “यांच्याही आया असतील ना कुठे.”

मी एकटीच परत आले.

दोमितिल्ला


मिलान, संत लुचियाचा दिवस, डिसेंबर १७१२

गाउदेन्झिओ,

नाचायचं की रडायचं ते तूच ठरव. चूक मान्य झाली!

माझं ऐकून नव्हे. रोमहून तपासणीला आलेले थोरले पाद्रे नकाशा हातात घेऊन रोवास्काचा मठ पलीकडच्या तीरावर शोधत पावसात हिंडले. शेवटी घंटा ऐकू आली ती नदीच्या या बाजूने, म्हणून मधूनच नदी ओलांडायला गेले आणि कमरेपर्यंत भिजले. आम्ही सगळे कंठशोष करत होतो तोवर नदी चुकली होती. थोरल्या पाद्र्यांचा झगा भिजल्याबरोबर नकाशा चुकला.

फुल्जेन्झिओ आले आणि म्हणाले, “कोरणाऱ्या बाईंच्या हातून प्रमाद घडला आहे.” मी म्हटलं, “पाद्रे, छापलेलं चुकत नाही ना?” ते म्हणाले, “दुरुस्त करून छापलेलं चुकत नाही.” बाल्दो चाकामागे तोंड लपवून हसत होता.

तर ये रे माझ्या मागल्या. मठ परत आपल्या प्रांताकडे, माणसंही परत, आणि तू परत रोवास्काला. वरून कागद आला आणि तू गाढव घेऊन पूल ओलांडलास. आणि आई? आई पलीकडे राहिली. अलीकडच्या घरात गायी, तिचे गुडघे कामातून गेलेले, पुलावर बर्फ. खेचरवाल्याकडून तिने मला निरोप पाठवला आहे: ‘मी एकदा नकाशासाठी हलले. आता नकाशाने माझ्यासाठी हलावं.’

मी मात्र पत्र्याशी झुंजते आहे. पलीकडचा मठ खरवडला, घोटला, पाठीवर इतकं ठोकलं की माझा खांदा उतरला. अलीकडे नवा कोरला. तरी ओर्झाच्या जागी जुन्या चर्चचं भूत उमटतंच. भिंती दिसतात, छप्पर दिसतं, फक्त क्रूस गेलाय. पाद्रे म्हणतात, पुन्हा ठोका आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात नवा कच्चा छाप दाखवा, मगच मोहोर मिळेल.

तुला तिच्याकडे जायला चिठ्ठी लागेल. आजच्या आज माग.

दोमितिल्ला


मिलान, फेब्रुवारी, १७१३

गाउदेन्झिओ,

चिठ्ठीचं काय झालं ते तुझ्या पत्रातून कळलं. फुल्जेन्झिओ म्हणतात, ओर्झा पलीकडच्या प्रांतात आहे, चिठ्ठी त्यांनी द्यावी. पलीकडचे म्हणतात, माणूस तुमचा आहे, चिठ्ठी तुम्ही द्यावी. तू दोघांनाही पुन्हा नम्रपणे लिहिलं आहेस. तुझा तो नम्रपणा एकदा ऐरणीवर ठेवून ठोकला पाहिजे!

भटारणीने कळवलंय की आईचा खोकला छातीत उतरलाय. ती खाटेवरून उठते ती फक्त सूप ढवळायला. दिवसभर खिडकीतून पुलाकडे बघते. आणि तू लिहितोस, मठाच्या बागेतून तिच्या धुराड्याचा धूर दिसतो, तो बघून तू प्रार्थना करतोस. तासाभराचीही वाट नाही रे ती! धूर बघून कुणाची आई बरी झाल्याचं मी ऐकलेलं नाही. वाटेवरच्या खिंडीत बर्फ साचलंय, मला येता येत नाही. माझ्यासाठी बर्फ आहे. तुझ्यासाठी काय आहे? ठिपके. मी कोरलेले ठिपके. ते तिथे जमिनीवर आहेत का, जाऊन बघितलंस कधी?

तू नियम मोडणार नाहीस. मला माहीत आहे. लहानपणीही चेरी चोरायला मी झाडावर चढायची आणि तू खाली उभा राहून पाप मोजायचास.

म्हणून एवढंच विचारते, आणि खरं उत्तर दे, कारण खोटं तुला येतच नाही: आईच्या खोलीत वाटेने जाणारे संन्यासी अजून जेवतात का? कुठून कुठून येतात? कधी रात्री मुक्कामाला राहतात का?

का विचारते ते विचारू नकोस.

दोमितिल्ला


मिलान, उपासाच्या काळातला दुसरा आठवडा, १७१३

गाउदेन्झिओ,

तुझं उत्तर मिळालं. ‘जवळपास रोज एकदोघे, तिन्ही खोऱ्यांतून, बर्फ असलं की भट्टीच्या भिंतीपाशी झोपतात, आई कुणाला प्रांत विचारत नाही.’ तुझ्या हस्ताक्षरात आहे. जपून ठेवलंय.

ओर्झाच्या भुताला मी आता ठोकत नाही. खांदा दुखतो. शिवाय भिंती आहेत, छप्पर आहे, क्रूस नाही. छपरावर कौलांच्या चार रेघा तेवढ्या कमी होत्या.

तुझा तो तेलकागद पुन्हा मागू नकोस. चुलीत गेला, कोपऱ्यातल्या त्या डागासकट. ओलं लाकूड पेटत नव्हतं.

दोमितिल्ला


मिलान, ईस्टरनंतरचा दुसरा आठवडा, १७१३

माझ्या गाउदेन्झिओ,

कच्चा छाप घेऊन मी फुल्जेन्झिओंकडे गेले ती गोष्ट आधी सांगते. त्यांनी भिंग काढलं, रोवास्कावर ठेवलं, मठ अलीकडे आहे का ते तीनदा बघितलं. “आता बरोबर,” म्हणाले, “थोरल्या पाद्र्यांचे पाय कोरडे राहतील.” बाकीच्या नकाशावर त्यांनी नुसता हात फिरवला. सही झाली. मोहोर झाली. बाल्दोने एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं आता पकडले जाणार.

नकाशे गेले. सगळ्या मठांत, दोन्ही प्रांतांत, थेट रोमपर्यंत.

काल फुल्जेन्झिओ वादळासारखे दुकानात शिरले. नकाशा टेबलावर आपटला.

“सिन्योरा, हे ओर्झाला काय आहे?”

मी चष्मा लावला. “धर्मशाळा दिसतेय पाद्रे. क्रूस नाही, कौलं आहेत. तुमच्याच तक्त्याप्रमाणे.”

“ओर्झाला आपली धर्मशाळा नाही!”

“नकाशात तर आहे.”

“तुम्ही कोरलीत म्हणून आहे!”

“मी कोरणारी बाई. सही तुमची, मोहोर संघाची. आणि दुरुस्त करून छापलेलं चुकत नाही असं मी या दुकानातच ऐकलंय. बाल्दो, तू ऐकलंस?”

“ऐकलं की,” बाल्दो चाकामागून म्हणाला. “पाद्रे इथेच उभे होते. थोडे डावीकडे.”

ते लाल झाले. मग पांढरे झाले. म्हणाले, “मी हे रोमला कळवीन.”

“जरूर कळवा. दोन वर्षांत एकाच नकाशावर दोनदा चुकीची सही केली, हेही लिहा म्हणजे पत्र पूर्ण होईल.”

त्यांनी नकाशा पुन्हा हातात घेतला. मग अगदी हळू आवाजात विचारलं, “तिथे निदान काही आहे तरी का?”

आता मात्र मी टोमणे थांबवले. त्यांना तुझं पत्र दाखवलं. म्हटलं, “एक म्हातारी आहे पाद्रे. भट्टीची भिंत आहे. सूप असतं. तुमची माणसं कित्येक महिने तिथे जेवतात, झोपतात. मी नवं काही केलं नाही. होतं ते कोरलं. चुकीच्या जागी मठ दाखवून तुमच्याकडून मोहोर मिळाली, मग बरोबर जागी चूल दाखवली तर का नको?”

त्यांनी नकाशाची घडी घातली. दारात थांबून म्हणाले, “म्हातारीला सांगा, धर्मशाळेत मीठ कमी असावं.” एवढं बोलून गेले. हा होकार की नकार, ते बाल्दो आणि मी अजून ठरवतोय, पण रोमला पत्र जाणार नाही.

आता आईचं. भटारणीचा निरोप आज आला. खोकला आहेच, जास्त आहे. परवा दार वाजलं. दूरच्या प्रांताचे दोन संन्यासी, अनवाणी, पायांना भेगा, आणि हातात आपला नकाशा. एकाने छापलेल्या घरावर बोट ठेवून विचारलं, “आई, धर्मशाळा हीच का?”

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी तिला कळवलंच नव्हतं. तिने कागद उलटसुलट धरून बघितला आणि म्हणाली, “त्यात माझं घर आहे?”

“आहे की.”

“मग विचारता काय? या आत.”

आणि भटारण म्हणते, सूप वाढण्याआधी तिने दोघांना उजेडात, खिडकीपाशी उभं केलं आणि त्यांची तोंडं नीट बघितली. आधी एकाचं. मग दुसऱ्याचं. मग वाट्या काढल्या. रोजच असं करते म्हणे, कुणीही दाढीवाला आला की.

गाउदेन्झिओ, धर्मशाळेत जायला चिठ्ठी लागत नाही. नियम तुमचाच आहे. सही आहे, मोहोर आहे, कौलं आहेत. पाप मोजायला आता काहीच उरलेलं नाही.

पत्र खाली ठेव आणि नीघ. खिडकीपाशी उभा राहा. तिला तुझं तोंड बघू दे.

शांती उरली तर पाठवीन म्हटलं होतं. ती तुला मी नाही, आईच देईल.

तुझी थोरली बहीण,
दोमितिल्ला